गुडघ्याखालून पाय काढल्यावर जखम बंद करताना: आखणीपासून टाके निघेपर्यंत

पाय काढून झालाय, रक्त थांबलंय, आणि पुढची-मागची कातडी एकमेकींना टेकत नाही. सहायक दोन्ही अंगठ्यांनी मागचा फ्लॅप (पोटरीच्या कातडी-मांसाचं पान) पुढे रेटून धरतो, सर्जन नायलॉनने कडा ओढून घेतो, टाक्याभोवतीची कातडी पांढरी पडते. अशा स्टम्पची (उरलेल्या थोट्या पायाची) कड चौथ्या-पाचव्या दिवशी काळी पडली की दोष मधुमेहाला दिला जातो. खरी चूक तासभर आधी झालेली असते. हाड लांब ठेवलं गेलं, किंवा फ्लॅप आखूड आखला गेला. बी.के. (बिलो नी, म्हणजे गुडघ्याखालच्या) अँप्युटेशनची जखम सुईने बंद होते ती फक्त शेवटची वीस मिनिटं. तोवरचं सगळं काम मार्किंग पेनने, करवतीने आणि कानशीने झालेलं असतं.

हा लेख सर्जरी आणि ऑर्थोपेडिक्सचे रेसिडेंट, जिल्हा-उपजिल्हा रुग्णालयांतले सर्जन, ओटी आणि वॉर्डातल्या सिस्टर, फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी आहे. ही शस्त्रक्रिया वाचून शिकायची नसते, ती अनुभवी हाताच्या बाजूला उभं राहून शिकायची. पण प्रत्येक पायरीचं कारण आधी माहीत असेल तर त्या हाताचं काम नीट दिसतं.

आधी ठरवा: आज बंद करायची की नाही

तीन प्रकारच्या पायांत पहिल्याच दिवशी कातडी शिवू नका.

पहिला ओला गँगरीन. मधुमेही पाय, घोट्यापर्यंत सूज, दुर्गंधी, ताप, शुगर आवरत नाही. इथे एकाच वेळी नडगीतून पाय काढून टाके घातले तर पू आत कोंडला जाण्याचा धोका मोठा. दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात घोट्याच्या किंचित वर आडवा छेद घेऊन पाऊल काढून टाका आणि जखम उघडी ठेवा. या पातळीवर बहुतेक स्नायूबंध असतात, स्नायू कमी, त्यामुळे रक्तस्राव थोडा आणि काम झटपट. मग पोटरी वरून खाली दाबत आणा. स्नायूबंधांच्या आवरणातून पू आला तर ते आवरण वरपर्यंत उघडा. तीन ते पाच दिवसांत ताप उतरला, पोटरीची सूज ओसरली, पांढऱ्या पेशी खाली आल्या की दुसऱ्या टप्प्यात नेहमीचा फ्लॅप करून बंद करा. ओल्या गँगरीनमध्ये दोन टप्प्यांनी स्टम्प चांगला भरतो, हे तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं आहे. एक पथ्य मात्र सांभाळा: घाईतला हा आडवा छेद पोटरीच्या मधून घेऊ नका. उद्याचा फ्लॅप त्याच पोटरीतून यायचा आहे.

दुसरा चिरडलेला पाय. मुंबईत लोकलच्या रुळांवर, हायवेवर ट्रकखाली सापडलेला. वरून कातडी धड दिसते, आत स्नायूंमध्ये ग्रीस, खडी, माती, कपड्याचे धागे शिरलेले असतात. पहिल्या दिवशी फक्त साफसफाई. स्नायू जिवंत आहे का हे चार गोष्टींवरून पाहा: रंग, चिमटा लावल्यावर आकुंचन पावतो का, हाताला घट्ट लागतो की लिबलिबीत, आणि कापल्यावर रक्त येतं का. मेलेलं सगळं काढा, जिवंत कातडी एक सेंटीमीटरही वाया घालवू नका, मग ती कितीही वेड्यावाकड्या आकाराची असो. गरज पडली तर ४८ तासांनी पुन्हा साफ करा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बंद करा.

तिसरा सुरुंग किंवा स्फोटाचा. यात स्फोटाचा दाब स्नायूंच्या थरांमधून वर चढतो आणि घाण दिसते त्याच्या बरीच वर गेलेली असते. रेड क्रॉसच्या युद्धक्षेत्रातल्या सर्जनांचा नियम इथे सरसकट पाळावा: साफ करा, उघडी ठेवा, पाच दिवसांनी बंद करा.

कोरडा गँगरीन, गाठ, जुना निकामी झालेला पाय, यांत एकाच वेळी बंद करायला हरकत नाही.

टेबलावर घेण्याआधी

पॉप्लिटियल (गुडघ्यामागची) नाडी हाताला लागत असेल तर स्टम्प भरण्याची शक्यता चांगली. ती लागत नाही म्हणून लगेच गुडघ्यावरून कापायला धावू नका. डॉप्लर करा, रक्तपुरवठा वाढवता येतो का हे व्हॅस्क्युलर सर्जनला विचारा. बी.के.नंतर चालायला साधारण २५ ते ४० टक्के जास्त ऊर्जा लागते, गुडघ्यावरून काढल्यास ६० ते १०० टक्के. साठीच्या पेशंटसाठी हा फरक म्हणजे घराबाहेर पडणं आणि खाटेवर राहणं यातला फरक. उलट, पेशंट आधीच खाटेला खिळलेला असेल आणि गुडघा पक्का दुमडून आखडलेला असेल, तर बी.के. करू नका. स्टम्पचं टोक गादीवर घासत राहतं आणि कितीही सुंदर शिवलं तरी जखम फुटते.

अल्ब्युमिन ३ ते ३.५ ग्रॅमच्या खाली असेल तर जखम भरायला त्रास होतो. तातडी नसेल तर चार दिवस अंडी, दूध, डाळ, प्रोटीन पावडर यांवर घालवलेले बरे. शुगर १८० च्या आत. सेफाझोलिन २ ग्रॅम छेदाच्या आधी एका तासाच्या आत आणि टुर्निके (रक्त रोखणारा पट्टा) फुगवण्याच्या आधी, कारण नंतर दिलेलं औषध पायात पोहोचतच नाही. संसर्ग असेल तर कल्चरप्रमाणे अँटिबायोटिक. मांडीत बायपासची ग्राफ्ट (बसवलेली पर्यायी रक्तवाहिनी) असेल तर टुर्निके नको.

दोऱ्याने आखणी

सर्वाधिक वापरला जातो तो मागचा लांब फ्लॅप. अमेरिकेत सिएटलच्या अर्नेस्ट बर्जेस यांनी तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केला. यामागचं शरीरशास्त्र साधं आहे. रक्तवाहिन्या बंद होत आलेल्या पायात नडगीवरची कातडी सगळ्यात उपाशी असते. पोटरीच्या कातडीला मात्र गॅस्ट्रोक्नेमियस स्नायूतून रक्त मिळतं, आणि त्या स्नायूला रक्त देणाऱ्या सुरल धमन्या गुडघ्यामागे, बऱ्याच वर उगम पावतात. म्हणून मागची कातडी स्नायूसकट पुढे आणायची. कातडी, चरबी, फेशिया (स्नायूवरचं चिवट आवरण) आणि स्नायू हे एकच जाड पान समजा. ते थर एकमेकांपासून सोडवलेत की कातडीचं रक्त तुम्ही स्वतःच तोडलंत.

हाडाची पातळी: उंचीच्या दर ३० सेंमीमागे २.५ सेंमी. १६५ सेंमी उंचीच्या माणसाला गुडघ्याच्या सांध्यापासून सुमारे १४ सेंमी. सर्वसाधारणपणे १२ ते १५ सेंमी चांगले. रक्तपुरवठा कमकुवत असेल तर १० ते १२. आठ सेंमीच्या खाली गेलात तर सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) धरून ठेवायला पुरेसा तरफदांडा उरत नाही. फार लांब ठेवलंत तर खालच्या भागात गुंडाळायला मांसच नाही, आणि कृत्रिम पावलाला जागाही कमी पडते. ‘जितकं लांब तितकं बरं’ हा नियम गुडघ्यावरच्या अँप्युटेशनसाठी ठीक, इथे नाही.

आता एक निर्जंतुक दोरा घ्या, सिल्कचा चालेल. हाड कापायच्या पातळीवर पायाभोवती एक वेढा द्या आणि टोक जुळेल तिथे आर्टरी फोर्सेप्स लावा. तो दोरा तीन समान घड्यांत दुमडा. समजा वेढा ३३ सेंमी भरला, तर एक घडी ११. दोन घड्या, म्हणजे २२ सेंमी, पुढच्या आडव्या छेदासाठी. त्याचा मध्य नडगीच्या धारेवर ठेवून दोन्ही बाजूंना सारखा पसरा. मागे उरलेली एक घडी, ११ सेंमी, हा फ्लॅपचा पाया. फ्लॅपची लांबीही एक घडी, अधिक दोन सेंमी, म्हणजे १३. परिघाचा तिसरा हिस्सा म्हणजे जवळजवळ पायाचा व्यास, आणि फ्लॅपला मागून पुढे येताना तेवढंच अंतर तोडायचं असतं. म्हणून हे गणित जाड पायालाही चालतं, बारीक पायालाही. वरचे दोन सेंमी सूज आणि कातडीच्या आकसण्यासाठी. जास्त झालं तर शेवटी कापता येतं, कमी पडलं तर जोडता येत नाही.

पुढचा छेद हाडाच्या पातळीच्या एक सेंमी खाली ठेवा. फ्लॅपची खालची दोन्ही टोकं गोलाकार आखा, काटकोन ठेवलात तर कोपरे मरतात. मार्किंग झाल्यावर चाकू लावण्याआधी मागची कातडी चिमटीत धरून फ्लॅप पुढे येईल का, याचा एकदा अंदाज घ्या.

हाड: करवत आणि कानस

पुढचे स्नायू कापताना अँटिरियर टिबियल धमनी-शीर आणि डीप पेरोनियल नर्व्ह सापडेल. ती आधी हाताळा, ओघात तुटू देऊ नका. पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण) कापण्याच्या रेषेपुरतंच सोडवा. वर खरवडत गेलात तर हाडाची ती कड मरते किंवा तिथे हाडाचे काटे उगवतात. रेषेच्या खालचं पेरिऑस्टियम दोन सेंमीभर वरच्या बाजूला उलटून ठेवलंत तर पुढे स्नायू शिवायला उपयोगी पडतं.

टिबिया (नडगीचं हाड) आडवी कापा. कापताना सलाईनची धार चालू ठेवा, गरम झालेली करवत हाड जाळते. मग पुढची धार ४५ अंशांत तिरपी तासा. तासायला सुरुवात कापाच्या दीड ते दोन सेंमी वरून. ही धार तशीच सोडली तर सॉकेटमध्ये प्रत्येक पावलाला ती कातडीवर आतून रुतते. फिब्युला (शेजारचं बारीक हाड) टिबियापेक्षा एक ते दीड सेंमी वर कापा. लांब राहिली तर बाहेरच्या बाजूला टोचते. फार आखूड झाली तर स्टम्प शंकूसारखा होतो आणि सॉकेटमध्ये गरगरतो.

यानंतर कानस. करवतीच्या कडा बोटाच्या पेराला, हातमोज्यातूनही, गुळगुळीत लागेपर्यंत घासा. हातमोजा अडकला तर पुन्हा घासा. शेवटी हाडाचा भुगा भरपूर सलाईनने धुऊन काढा. तो भुगा स्नायूत राहिला तर तिथेच हाड धरतो.

तरुण, अपघातातल्या पेशंटमध्ये काही सर्जन टिबिया आणि फिब्युलाच्या टोकांमध्ये हाडाचा पूल बांधतात. मूळ कल्पना हंगेरीच्या यानोश एर्ट्ल यांची, पहिल्या महायुद्धानंतरची. टोकावर भार घेता यावा हा हेतू. वेळ जास्त लागतो, पूल जुळला नाही तर पुन्हा ऑपरेशन, आणि रक्तपुरवठा कमी असलेल्या पायात तर करूच नये. साधा, नीट तासलेला स्टम्प बहुतेकांना पुरतो.

रक्तवाहिन्या आणि नर्व्ह

धमनी आणि शीर वेगवेगळ्या बांधा. मोठ्या धमनीला दोन गाठी, त्यातली एक सुईतून आरपार. मधुमेह्यांच्या धमनीत चुना साचलेला असतो. गाठ जोरात आवळली तर भिंत कचकन तुटते, म्हणून हळू आवळा.

पाच नर्व्ह नावं घेत शोधा: टिबियल, डीप पेरोनियल, सुपरफिशियल पेरोनियल, सुरल, सॅफेनस. प्रत्येक नर्व्ह हलकेच खाली ओढा, धारदार नव्या ब्लेडने एका फटक्यात कापा आणि वर मऊ स्नायूत आत जाऊ द्या. फार जोरात ओढू नका, त्याने वरपर्यंत इजा होते. टिबियल नर्व्हमध्ये स्वतःची रक्तवाहिनी असते, ती बारीक दोऱ्याने बांधा. सुरल आणि सॅफेनस कातडीखाली असतात, घाईत विसरल्या जातात आणि मग व्रणाच्या रेषेत न्यूरोमा (नर्व्हच्या टोकाची दुखरी गाठ) होऊन बसतात. पेशंट सहा महिन्यांनी बोट ठेवून नेमकी जागा दाखवतो: ‘इथे हात लागला की करंट बसतो.’

नर्व्हच्या टोकाला स्नायूचा छोटा तुकडा गुंडाळण्याची पद्धत अलीकडे रुळते आहे. साधारण ३ सेंमी लांब, दीड सेंमी रुंद तुकडा, तोही काढून टाकलेल्या पायातल्या निरोगी स्नायूतून घेता येतो. नर्व्हच्या वाढत्या तंतूंना शिरायला जागा मिळते. नर्व्ह जवळच्या स्नायूच्या छोट्या शाखेला जोडून देण्याची पद्धतही आहे, पण तिला वेळ, भिंग आणि सराव लागतो. टिबियल नर्व्हच्या शेजारी बारीक कॅथेटर ठेवून दोन-तीन दिवस ब्युपिव्हॅकेन चालू ठेवलं तर मॉर्फिन कमी लागतं.

मग टुर्निके सोडा. बंद करण्याआधी सोडायचाच, हा नियम मोडू नका. मॉप दाबून पाच मिनिटं घड्याळ लावून थांबा, मग एकेक जागा बघा. इथे वाचवलेली पाच मिनिटं रात्री रक्ताच्या गाठीच्या रूपाने परत येतात.

सोलियस काढा, गॅस्ट्रोक्नेमियस ठेवा

फ्लॅपमध्ये दोन स्नायू येतात. आतला सोलियस जाड असतो, त्यात शिरांची मोठी जाळी असते, आणि रक्तवाहिन्यांच्या आजारात तो लवकर मरतो. तो गॅस्ट्रोक्नेमियसपासून बोटाने सोडवता येतो. बहुतेक पेशंटमध्ये तो काढून टाका. अगदी बारीक पोटरी असेल तर तिरपा कापून पातळ थर ठेवा. सोलियस तसाच ठेवून बंद करायला गेलं की फ्लॅप जाडजूड होतो आणि पुढे येतच नाही. कातडी कमी पडली असं वाटतं, प्रत्यक्षात मांस जास्त झालेलं असतं.

आता स्नायू हाडावर बसवायचा, याचे दोन मार्ग. मायोडेसिसमध्ये टिबियाच्या टोकापासून सुमारे एक सेंमी वर, पुढच्या बाजूला दोन-तीन भोकं २ ते २.५ मिमी ड्रिलने पाडायची आणि गॅस्ट्रोक्नेमियसचा स्नायूबंधासारखा जाड फेशिया एक नंबरच्या दोऱ्याने त्यांतून बांधायचा. स्नायू हाडावरून सरकत नाही, स्टम्पला ताकद राहते. अपघात, गाठ, तरुण माणूस, यांत हेच करा. मायोप्लास्टीमध्ये तोच फेशिया पुढच्या पेरिऑस्टियमला आणि पुढच्या कप्प्याच्या डीप फेशियाला शिवायचा. रक्तपुरवठा तोकडा असेल तर हे बरं, कारण घट्ट ताणलेला स्नायू टाक्यापाशी मरतो.

दोन्हींत गुडघा पूर्ण सरळ ठेवून टाके बांधा. दुमडलेल्या गुडघ्यात बांधलेले टाके वॉर्डात पाय सरळ केल्यावर ताणतात.

दोरा एक नंबरचा व्हायक्रिल किंवा पीडीएस (दोन्ही विरघळणारे). पहिला टाका बरोबर मध्ये. मग उरलेल्या प्रत्येक अर्ध्याचा मध्य, मग त्याचा मध्य. एका कोपऱ्यापासून शिवत गेलात तर सगळा जास्तीचा भाग शेवटच्या कोपऱ्यात गोळा होतो. दोन टाक्यांत सव्वा-दीड सेंमी. हा थर पुरा झाल्यावर हात बाजूला घ्या. फ्लॅप स्वतःहून जागेवर राहिला पाहिजे आणि कातडीच्या कडा टाक्याशिवाय जवळजवळ टेकल्या पाहिजेत. टेकत नसतील तर इथेच थांबा, टाके सोडा, हाड आणखी एक सेंमी कापा, पुन्हा तासा. आधीच दमलेल्या टीमला हे सांगणं जिवावर येतं. तरी सांगा.

ड्रेन आणि कातडी

बंद सक्शन ड्रेन (साचलेलं रक्त ओढून घेणारी नळी), १२ किंवा १४ नंबर, स्नायूच्या खाली हाडाच्या टोकाशी. बाहेर काढायचा तो जखमेतून नाही, वर बाहेरच्या बाजूला वेगळ्या छिद्रातून. कातडीला टाका घालून अडकवू नका, चिकटपट्टीने धरा, म्हणजे ड्रेसिंग न सोडता ओढून काढता येतो. २४ ते ४८ तासांत, दिवसाला ३० मिलीच्या खाली आला की काढा. त्यापुढे तो जंतूंसाठी वाट होतो.

कातडीखाली २-० किंवा ३-० व्हायक्रिलचे मोजके टाके. इथे जास्त दोरा म्हणजे जास्त परकीय वस्तू. कातडीला ३-० नायलॉन, सुटे टाके, कडेपासून ५ मिमी आणि एकमेकांपासून सुमारे एक सेंमीवर. कडा दातेरी फोर्सेप्सने चिमटू नका, हुकने किंवा सुईनेच उचला. पुढची कातडी नाजूक असेल तर अल्गोवर-डोनाती टाका घाला: सुई मागच्या फ्लॅपच्या कातडीतून आत-बाहेर जाते, पुढच्या बाजूला मात्र कातडीच्या आतूनच वळते, बाहेर येत नाही. गाठ फ्लॅपच्या सशक्त बाजूला बसते आणि उपाशी कडेला भोकं पडत नाहीत. गाठ बांधताना कातडी पांढरी झाली तर ती गाठ सोडून सैल बांधा. सूज उद्या येणार आहे, तिला जागा ठेवा. स्टेपल्सही चालतात, वेळ वाचतो.

दोन्ही बाजूंना कातडीचे छोटे कान उभे राहतील. तरुणाच्या पायात ते थोडे छाटा. मधुमेह्यात सोडून द्या. छाटता छाटता फ्लॅपचा पाया अरुंद होतो आणि फ्लॅप मरतो, तर कान क्रेप पट्टीखाली काही आठवड्यांत बरेच बसतात.

मागची कातडी मिळत नसेल तर

स्क्यू (तिरका) फ्लॅप ब्रिटनच्या किंग्जली रॉबिन्सन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला. तोच ३३ सेंमीचा दोरा. नडगीच्या धारेपासून अडीच सेंमी बाहेर पहिली खूण. दोरा अर्धा दुमडून १६.५ सेंमीवर, बरोबर समोर, मागची खूण. पाव हिस्सा, म्हणजे सव्वाआठ सेंमी, ही दोन्ही अर्धगोल फ्लॅपची लांबी. हे फ्लॅप सॅफेनस आणि सुरल नर्व्हसोबत धावणाऱ्या बारीक धमन्यांवर जगतात. आतला गॅस्ट्रोक्नेमियस मात्र आधीसारखाच मागून पुढे आणायचा. व्रण नडगीच्या धारेवरून बाजूला जातो, स्टम्प लवकर निमुळता होतो, सॉकेटचं माप लवकर घेता येतं. मागच्या फ्लॅपशी तुलना केली तेव्हा जखम भरण्यात ठळक फरक दिसला नाही. ज्यावर हात बसला आहे तो करा.

पोटरीवर जुना भाजल्याचा व्रण किंवा जखम असेल तर आतला आणि बाहेरचा असे दोन समान फ्लॅप घ्या. अपघातात जे मिळेल ते. पाय टाकून देण्याआधी त्याच्या धड भागावरची कातडी डर्माटोमने (कातडीचा पातळ थर काढणाऱ्या हत्याराने) काढून ठेवा. स्नायूवर ती छान धरते, उघड्या हाडावर कधीच नाही. कातडीसाठी गुडघा गमावण्यापेक्षा ग्राफ्ट लावलेला बी.के. स्टम्प केव्हाही चांगला, सॉकेटमध्ये सिलिकॉन लायनर घालून तो चालतो.

ड्रेसिंग

जखमेवर पॅराफिन गॉज, त्यावर मोकळा फुलवलेला गॉज, मग कापूस. नडगीच्या धारेवर आणि वाटीवर जादा कापूस. क्रेप इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तिरपा फिरवा, टोकाला जास्त दाब आणि वर जाताना कमी. सरळ गोल वेढे देऊ नका, वर आवळलेला वेढा टोकाला सूज आणतो. रक्तवाहिन्यांच्या पेशंटला क्रेप फक्त कापूस धरून ठेवण्यापुरता.

त्यावर मांडीच्या मध्यापर्यंत प्लास्टर, गुडघा सरळ. कडक ड्रेसिंगने सूज आवरते, गुडघा आखडत नाही, आणि तिसरा फायदा वॉर्डात कळतो: पेशंट रात्री लघवीला उठतो, झोपेत पाय नाही हे विसरतो आणि थेट स्टम्पवर पडतो. नुसत्या क्रेपखालची जखम अशा पडण्याने उसवते. खाटेला कठडा, बेडपॅन हाताशी आणि नातेवाइकाला आधीच दिलेली सूचना, ही पण जखमेचीच काळजी आहे.

वॉर्डात: काय बिघडतं आणि का

गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. घरचे लोक मायेने ठेवतात. दोन आठवड्यांत गुडघा दुमडून आखडतो आणि सॉकेट बसत नाही. पहिले दोन दिवस सूज उतरवायची तर खाटेचं पायथ्याचं टोक उचला. दुसऱ्या दिवसापासून रोज दोन-तीनदा १५-२० मिनिटं पालथं झोपवा. रक्ताच्या गुठळीसाठी एनोक्झापारिन ४० मिलिग्रॅम, किडनी बघून.

ताप, वास, ड्रेसिंग भिजणं किंवा अचानक वाढलेली वेदना नसेल तर तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत जखम उघडू नका. प्लास्टर असेल तर पाच ते सात दिवस.

पहिल्या ४८ तासांत दुखणं औषधाला दाद देत नाही आणि फ्लॅप टणक, ताणलेला लागतो: आत रक्त साचलंय. कडेवर दाब येऊन ती मरण्याआधी ओटीत नेऊन रिकामं करा. वॉर्डात दोन टाके सोडून पिळत बसू नका.

कड काळी पडली तर कात्रीची घाई नको. एक सेंमीपेक्षा कमी आणि कोरडी असेल तर कोरडीच ठेवा, खपली धरून खालून भरते. जास्त रुंद असेल तर मर्यादा स्पष्ट होईपर्यंत आठवडाभर थांबून पाचरीच्या आकाराचा तुकडा हाडासकट काढा. नुसती कातडी काढून पुन्हा ओढून शिवलं तर तीच कथा पुन्हा होते. ओली, वासाची, लालसर कड असेल तर थांबू नका. टाके उघडा, पू कल्चरला द्या, धुवा. आत हाड झाकलेलं असेल तर निगेटिव्ह प्रेशर ड्रेसिंगने बऱ्याच जखमा भरतात, दाब उणे १२५ मिमी पारा. पोटरीचा स्नायूच करडा पडला असेल तर तो स्टम्प वाचत नाही, वरची पातळी गाठा.

टाके अपघातातल्या निरोगी पायाला दोन ते तीन आठवड्यांनी, मधुमेही आणि रक्तवाहिन्यांच्या पेशंटला तीन ते चार आठवड्यांनी काढा. नातेवाईक दहाव्या दिवसापासून विचारू लागतात, तरी दबू नका. आधी एक सोडून एक काढा, चार दिवसांनी बाकीचे. मध्येच कड उघडली तर चिकटपट्ट्या लावा आणि उरलेले टाके आठवडाभर ठेवा.

टाके निघून जखम कोरडी झाली की श्रिंकर मोजा (स्टम्प आवळून धरणारा) चालू. नडगीवर पेनने एक खूण करून दर आठवड्याला तिथला घेर मोजा. लागोपाठ दोन मापं सारखी आली की सॉकेटच्या मापासाठी पाठवा, पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला, मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत किंवा जवळच्या जयपूर फूट केंद्रात. डिस्चार्ज कार्डावर ‘बी.के. अँप्युटेशन’ एवढंच लिहून सोडू नका. हाडाची लांबी किती सेंमी, फ्लॅप कोणता, मायोडेसिस की मायोप्लास्टी, व्रण कुठे, ग्राफ्ट आहे का, गुडघा पूर्ण सरळ होतो का, एवढ्या सहा गोष्टी लिहा. सॉकेट बनवणारा माणूस तुमच्या टाक्यांवर भार टाकणार आहे, आणि आत काय आहे हे त्याला फक्त तुमच्या कार्डावरूनच कळतं.